गर्भनाळेतील रक्त आणि स्नायुक्षयाचा आजार : उपचाराचा निर्णय घेण्यापूर्वी
पालक व कुटुंबीयांसाठी माहितीपत्रक

आपल्या मुलाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजेच आनुवंशिक स्नायुक्षयाचा आजार आहे, असे डॉक्टरांनी सांगितल्यानंतर बहुतेक घरांत एकच प्रश्न उभा राहतो : यावर काही उपाय आहे का? या प्रश्नाच्या शोधात असताना आपल्यापर्यंत ‘स्टेम सेल’, ‘मूलपेशी’ किंवा ‘गर्भनाळेतील रक्ताच्या पेशी’ यांच्या उपचाराची माहिती पोहोचते. कोणी सांगते की बाळाच्या जन्माच्या वेळी नाळेचे रक्त जपून ठेवले असते तर आज उपयोगी पडले असते. कोणी सांगते की काही इंजेक्शने घेतली की मूल पुन्हा धावू लागेल. अशा उपचारासाठी दागिने गहाण टाकणारी, शेत विकणारी कुटुंबेही आहेत.

आपली आशा हिरावून घेणे हा या पत्रकाचा उद्देश नाही. ती योग्य ठिकाणी लागावी आणि मुलाच्या आयुष्यातील मोलाची वर्षे निष्फळ उपचारात जाऊ नयेत, एवढ्यासाठी ही माहिती दिली आहे. कृपया ती पूर्ण वाचावी आणि घरातील ज्येष्ठांनाही वाचून दाखवावी.

१. आजार नेमका काय आहे?

मस्क्युलर डिस्ट्रॉफी हे एका आजाराचे नव्हे, तर आजारांच्या एका गटाचे नाव आहे. त्यांतील सर्वांत परिचित व गंभीर प्रकार म्हणजे ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजेच डीएमडी. जन्मणाऱ्या दर ३,५०० ते ५,००० मुलग्यांमागे सुमारे एकाला तो होतो. बेकर हा याच जनुकाशी संबंधित, परंतु सौम्य प्रकार आहे. या पत्रकात प्रामुख्याने डीएमडीचा विचार केला आहे.

आपल्या स्नायूंच्या तंतूंमध्ये डिस्ट्रोफिन नावाचे एक प्रथिन असते. स्नायू आखडताना व सैल होताना तंतूच्या आवरणावर जो ताण येतो, तो हे प्रथिन पेलते. भिंतीतील विटांना चुन्याने धरून ठेवावे, तसे त्याचे काम असते. डिस्ट्रोफिन तयार करणारे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मानवी शरीरातील ते सर्वांत मोठे जनुक असून त्याचे ७९ भाग आहेत. त्यातील एखादा भाग गळाला, दुप्पट झाला किंवा त्यात बारीकसा बदल झाला, तर डिस्ट्रोफिन तयार होत नाही. मग रोजच्या साध्या हालचालींनीही तंतू फाटू लागतात.

स्नायूंच्या आत दुरुस्ती करणाऱ्या स्वतःच्या मूलपेशी असतात. आरंभीच्या वर्षांत त्या नवे तंतू तयार करतात, परंतु त्या तंतूंतही डिस्ट्रोफिन नसल्याने तेही फाटतात. कालांतराने दुरुस्तीची ही क्षमता संपते आणि स्नायूंची जागा चरबी व तंतुमय ऊती घेतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. एकदा गेलेला स्नायू परत आणणारा उपचार आज जगात कोठेही उपलब्ध नाही. म्हणूनच आजचा प्रत्येक परिणामकारक उपचार, उरलेला स्नायू जास्तीत जास्त काळ टिकवण्याचा उपचार आहे.

आजाराची लक्षणे साधारणतः २ ते ५ वर्षांच्या वयात दिसू लागतात. मूल उशिरा चालते, वारंवार पडते, जिना चढताना कठड्याचा आधार घेते, पोटऱ्या जाड व टणक दिसतात. जमिनीवरून उठताना ते हात गुडघ्यांवर व मांड्यांवर टेकवत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखे उभे राहते. रक्ततपासणीत सीपीके, म्हणजेच सीके या विकराचे प्रमाण सामान्य मर्यादेच्या कितीतरी पट वाढलेले असते. एसजीओटी व एसजीपीटी हे घटकही स्नायूंतून रक्तात उतरतात. त्यामुळे काही मुलांवर यकृताचा आजार समजून महिनोन्महिने उपचार होतात. अशा मुलाचे सीके तपासणे अत्यावश्यक आहे.

२. गर्भनाळेतील रक्त म्हणजे काय? ते कशासाठी उपयोगी आहे?

बाळाचा जन्म झाल्यानंतर नाळेत व वारेत जे रक्त उरते, त्यात रक्तनिर्मिती करणाऱ्या मूलपेशी असतात. अस्थिमज्जेत ज्या पेशी रक्त तयार करतात, त्याच जातीच्या या पेशी होत. १९८८ मध्ये पॅरिस येथे डॉ. एलियान ग्लुकमन यांच्या पथकाने फॅन्कोनी ॲनिमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या एका बालकावर, त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्ताचे प्रत्यारोपण केले. जगातील असे हे पहिलेच यशस्वी प्रत्यारोपण होय.

तेव्हापासून रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, सिकलसेल, ॲप्लास्टिक ॲनिमिया, जन्मजात प्रतिकारशक्तीचे दोष आणि निवडक चयापचय विकार यांत या पेशींचा उपयोग सिद्ध झाला आहे. या आजारांत, थोडे अपवाद वगळता, एक समान धागा आहे : बिघाड रक्तात किंवा रक्तातून तयार होणाऱ्या पेशींत असतो. रक्ताची मूलपेशी रक्त तयार करते. म्हणून रक्ताचा आजार तिने बरा होतो, हे तर्काला धरून आहे. स्नायूंच्या आजाराला मात्र हा तर्क लागू पडत नाही.

३. मग स्नायुक्षयात ते का उपयोगी पडत नाही?

याची चार कारणे समजून घ्यावीत.

पहिले कारण : स्वतःच्या नाळेतील रक्तात तोच दोष असतो. मुलाच्या शरीरातील प्रत्येक पेशीत जो जनुकीय बदल आहे, तोच त्याच्या नाळेतील पेशींतही आहे. अशा पेशी परत दिल्या, तरी त्या डिस्ट्रोफिन तयार करू शकणार नाहीत. बिघडलेल्या साच्यातून काढलेली दुसरी मूर्तीही तशीच निघणार. म्हणून ‘नाळ जपली असती तर’ असा अपराधभाव कोणत्याही मातापित्यांनी मनात ठेवू नये. ती जपली असती, तरीही या आजारात उपयोगी पडली नसती.

दुसरे कारण : दुसऱ्याच्या पेशी रक्तात रुजतात, स्नायूंत नाही. निरोगी दात्याच्या पेशींत चांगले जनुक असते, मग त्या स्नायूंत जाऊन डिस्ट्रोफिन का तयार करणार नाहीत, असे वाटणे स्वाभाविक आहे. शास्त्रज्ञांनाही तसे वाटले होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस उंदरांवरील प्रयोगांत अस्थिमज्जेतून आलेल्या मोजक्या पेशी स्नायूंपर्यंत पोहोचल्याचे दिसले आणि आशा वाढली. त्यानंतर दोन मुलांच्या अनुभवाने या प्रश्नाचे उत्तर दिले.

पहिल्या मुलाला प्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजारामुळे वयाच्या पहिल्या वर्षी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले होते. पुढे त्याला डीएमडीही असल्याचे आढळले. प्रत्यारोपणानंतर सुमारे १३ वर्षांनी त्याच्या स्नायूचा तुकडा तपासला, तेव्हा दात्याची केंद्रके १ टक्क्याहूनही कमी तंतूंत सापडली. हा वृत्तांत २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या मुलाला डीएमडी आणि त्याच्या शेजारच्या जनुकातील दोषामुळे होणारा, पांढऱ्या पेशींचा एक गंभीर आजार, असे दोन्ही आजार होते. त्याला दुसऱ्याच्या नाळेतील रक्ताचे प्रत्यारोपण करण्यात आले. दात्याच्या पेशी त्याच्या रक्तात रुजल्या. स्नायूंत मात्र उपयोगी पडेल एवढे डिस्ट्रोफिन तयार झाले नाही. हा वृत्तांत २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच शरीरात, एकाच दात्याच्या पेशींनी रक्तात आपले काम केले आणि स्नायूंत केले नाही. याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण आहे.

तिसरे कारण : स्नायू सर्व शरीरभर आहेत. मानवी शरीरात ६०० हून अधिक स्नायू आहेत. मांडीत किंवा दंडात इंजेक्शन दिले, तर पेशी त्या सुईच्या आसपासच राहतात. डीएमडीमध्ये जिवाला खरा धोका हृदयाचा स्नायू व श्वासपटल यांच्या दुर्बलतेमुळे असतो आणि तेथे अशी इंजेक्शने देता येत नाहीत. १९९० च्या दशकात निरोगी दात्याच्या स्नायुपेशी थेट स्नायूंत टोचण्याचे प्रयोग झाले. काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांत मुलांची शक्ती वाढली नाही.

चौथे कारण : प्रत्यारोपण स्वतःच धोक्याचे असते. दुसऱ्याच्या नाळेतील रक्त शरीरात रुजावे यासाठी आधी तीव्र औषधांनी रुग्णाची अस्थिमज्जा व प्रतिकारशक्ती दाबावी लागते. त्यातून गंभीर जंतुसंसर्ग होऊ शकतो. दात्याच्या पेशी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करू शकतात. काही रुग्ण दगावतात. रक्ताच्या कर्करोगात हा धोका पत्करण्यास कारण असते. ज्या आजारात लाभ सिद्ध नाही, तेथे ते कारण नाही. याउलट, अशी कोणतीही पूर्वतयारी न करता केवळ सलाईनमधून पेशी दिल्या जात असतील, तर त्या पेशी शरीरात कायम टिकण्याची अपेक्षा धरता येत नाही.

नाळेच्या भिंतीतील मऊ ऊतीपासून काढलेल्या पेशी या नाळेतील रक्ताच्या पेशींहून वेगळ्या आहेत. त्या दाह कमी करतात का, यावर संशोधन चालू आहे. परंतु त्यांनीही स्नायुक्षय बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही.

४. ‘आमच्या मुलात फरक दिसला’ असे पालक का सांगतात?

असे सांगणारे पालक खोटे बोलत नाहीत. त्यांना दिसलेला फरक खरा असू शकतो, मात्र त्याचे कारण दुसरे असते.

• डीएमडी असलेले मूलही वयाच्या सुमारे ६ ते ७ वर्षांपर्यंत वाढीमुळे नवी कौशल्ये शिकत असते. या वयात कोणतेही इंजेक्शन दिले, तरी काही महिन्यांनी मूल थोडे पुढे गेलेले दिसू शकते.
• अशा उपचारासोबत बहुधा नियमित व्यायामोपचार व स्टेरॉइडची औषधे चालू केली जातात. लाभ त्यांचा असतो आणि श्रेय इंजेक्शनाला मिळते.
• सीकेचे प्रमाण कमी झाल्याचा अहवाल दाखवला जातो. विश्रांती घेतली तरी सीके उतरते. शिवाय आजार वाढतो तसे स्नायू कमी होतात आणि सीके आपोआप घटत जाते. म्हणून उतरलेले सीके हा सुधारणेचा पुरावा नव्हे.

याच कारणांसाठी शास्त्रीय चाचणीत उपचार मिळालेल्या व न मिळालेल्या मुलांची तुलना केली जाते. एका मुलाचे चित्रीकरण ही तुलना होऊ शकत नाही.

५. देशातील नियम काय सांगतात?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मूलपेशी संशोधनविषयक राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्त व प्रतिकारशक्तीच्या मान्य आजारांतील प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा अन्य कोणताही वापर हा उपचार नसून संशोधन आहे. असे संशोधन मान्यताप्राप्त चाचणीतच करता येते. स्नायुक्षय मान्य आजारांच्या यादीत नाही.

खरी वैद्यकीय चाचणी ओळखण्यासाठी पुढील प्रश्न विचारावेत :

• ही चाचणी भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंदवलेली आहे का? नोंदणी क्रमांक कोणता? केवळ नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.
• केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची परवानगी व नैतिकता समितीची मान्यता आहे का?
• पेशी कोणाच्या, कोठून आणलेल्या व कोठे प्रक्रिया केलेल्या आहेत?
• आपल्या भाषेत लिहिलेले संमतिपत्र वाचण्यास व घरी नेण्यास मिळेल का?
• इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई कोण देणार?
• शुल्क किती? चाचणीतील पेशींसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. पैसे मागितले जात असतील, तर तेथेच थांबावे.

‘शंभर टक्के खात्री’, ‘दुष्परिणाम नाहीत’, ‘या महिन्यात सवलत’ अशी भाषा कोणत्याही प्रामाणिक संशोधनाची नसते.

६. पुढील बाळाच्या वेळी नाळ जपावी का?

स्वतःच्या भविष्यातील उपयोगासाठी नाळेतील रक्त खासगी पेढीत ठेवण्याला शास्त्रीय आधार नाही, अशी परिषदेची भूमिका आहे. कुटुंबात थॅलेसेमियासारखा, प्रत्यारोपणाने बरा होणारा आजार असलेले भावंड असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ते जपणे योग्य ठरते. स्नायुक्षय हे असे कारण नाही.

जन्मानंतर नाळ लगेच न बांधता किमान १ ते ३ मिनिटे थांबावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्यामुळे नाळेतील रक्त बाळालाच मिळते आणि त्याच्या शरीरातील लोहाचा साठा वाढतो. रक्त साठवण्यासाठी ही मिनिटे कमी करू नयेत.

पुढील अपत्याच्या विचारात असलेल्या कुटुंबाने तो खर्च जनुकीय तपासणीवर करावा. आधी मुलाच्या जनुकातील नेमका बदल शोधावा. त्यासाठी प्रथम एमएलपीए ही तपासणी करतात आणि तीत दोष न सापडल्यास जनुकाचे सखोल वाचन करतात. त्यानंतर आईची तपासणी करावी. आई वाहक असल्यास प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीने वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. सुमारे एक तृतीयांश मुलांत हा बदल नव्यानेच घडलेला असतो. म्हणून आईला दोष देणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय शास्त्रालाही धरून नाही. आईच्या रक्तात बदल सापडला नाही, तरी तिच्या काही बीजपेशींत तो असू शकतो, म्हणून समुपदेशन टाळू नये. गर्भावस्थेत ११ ते १३ आठवड्यांच्या सुमारास नोंदणीकृत केंद्रात गर्भाची तपासणी करता येते. मावशी व बहिणींनाही ही माहिती द्यावी. वाहक स्त्रियांनी स्वतःच्या हृदयाची तपासणी वेळोवेळी करून घ्यावी.

७. आज काय करता येते?

करण्यासारखे पुष्कळ आहे. पूर्वी किशोरवयाच्या पलीकडे क्वचितच जगणारी मुले आज योग्य काळजीने तिशीपर्यंत, काही त्यापुढेही, आयुष्य जगत आहेत. हा बदल पुढील सातत्याच्या काळजीने घडला आहे.

• स्टेरॉइड : प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकॉर्ट यांमुळे मूल अधिक वर्षे चालू शकते आणि श्वसनाची शक्ती टिकते. वजन, उंची, हाडे, रक्तदाब व डोळे यांवर लक्ष ठेवावे लागते. हे औषध कधीही एकाएकी बंद करू नये, त्याने जिवाला धोका होऊ शकतो. ‘आमचा उपचार सुरू आहे, आता स्टेरॉइड नको’ असे कोणी सांगितल्यास आपल्या नियमित डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मानू नये.
• हृदय : निदान झाल्यापासून दरवर्षी तपासणी करावी. मूल ठीक दिसत असले तरी साधारण १० वर्षांच्या वयापर्यंत हृदयाचे संरक्षण करणारे औषध सुरू करण्याची पद्धत आहे.
• श्वसन : ५ ते ६ वर्षांपासून फुफ्फुसांची क्षमता मोजावी. सकाळी डोके दुखणे, रात्री वारंवार जाग येणे ही श्वास अपुरा पडत असल्याची चिन्हे असू शकतात.
• व्यायामोपचार : घोटे, गुडघे व मांड्यांचे सांधे रोज घरीच हळुवार ताणावेत. रात्री पायाला आधारपट्टी वापरावी. दमवणारे व्यायाम, वजने उचलणे, वारंवार जिना उतरणे टाळावे.
• लसीकरण : नेहमीच्या लसींसोबत फ्लू व न्यूमोकोकसच्या लसींविषयी विचारावे. जिवंत जंतूंच्या लसी स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी पूर्ण कराव्यात.
• भूल : कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना आजाराची माहिती द्यावी. सक्सिनिलकोलीन व भूल देणारे काही वायू या मुलांना घातक ठरू शकतात. ही नोंद कागदावर लिहून मुलासोबत ठेवावी.
• अस्थिभंग : पाय मोडल्यानंतर मुलाला धाप लागली किंवा भान हरपू लागले, तर विलंब न लावता मोठ्या रुग्णालयात न्यावे.

जनुकाच्या पातळीवरील संशोधनही पुढे सरकत आहे. ठरावीक जनुकीय बदल असलेल्या मुलांसाठीची काही औषधे आणि २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला एक जनुकोपचार ही त्याची उदाहरणे होत. हे उपचार आजार बरा करत नाहीत. त्या जनुकोपचारानंतर यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्याच्याही नोंदी आहेत. तरीही पुढील चाचण्यांत आपल्या मुलाला संधी मिळायची असेल, तर त्याचा नेमका जनुकीय अहवाल आणि शक्य तितकी चांगली प्रकृती, या दोन गोष्टी लागतात. अप्रमाणित पेशी आधी घेतलेल्या मुलांना अनेक चाचण्यांत प्रवेश नाकारला जातो, हे विसरू नये.

८. मदत कोठे मिळेल?

राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, २०२१ मध्ये डीएमडीचा समावेश आहे. या धोरणाखाली निवडलेल्या उत्कृष्टता केंद्रांत नाव नोंदवता येते. नवी दिल्लीतील एम्स, मुंबईतील केईएम रुग्णालय, चंडीगढची पीजीआय व लखनौची संजय गांधी संस्था ही त्यांपैकी काही केंद्रे होत. केंद्रातील तज्ज्ञ समितीच्या निर्णयानुसार पात्र रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत उपचारसाहाय्य मिळण्याची तरतूद आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्व प्रमाणपत्र व यूडीआयडी ओळखपत्र घ्यावे. शाळेला ते दाखवून तळमजल्यावरील वर्ग, उतरंडीची वाट व परीक्षेत लेखनिकाची मागणी करावी. मुलाचे शिक्षण थांबवू नये. या आजारात पाय थकले तरी शिकण्याची इच्छा थकत नाही.

शेवटी एकच विनंती. कोणत्याही पेशी-उपचारासाठी पैसे भरण्यापूर्वी, या पत्रकातील पाचव्या विभागाचे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि मिळालेली उत्तरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मेंदूविकार किंवा बालरोग विभागाच्या डॉक्टरांना दाखवावीत. या एका भेटीमुळे आपले घर, आपली जमीन आणि त्याहून मोलाचा असा मुलाचा वेळ वाचू शकेल.